तापात आकडी आली, म्हणजे फ्लू मेंदूत गेला का?

आपल्या प्रश्नातील हकिकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. अडीच वर्षांच्या मुलाला सकाळी सर्दी-खोकला सुरू झाला, रात्री १०३ अंश ताप चढला, आणि आपण ओली पट्टी ठेवायला गेलात तेव्हा त्याने डोळे वर फिरवले, दातखिळी बसली, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागले. साधारण दोन मिनिटांत ते थांबले. रुग्णालयात नाकातील स्राव तपासल्यावर इन्फ्लुएंझा 'ए' (म्हणजे फ्लू) निघाला आणि एक दिवस देखरेखीखाली ठेवून मुलाला घरी सोडले. चार दिवसांनी सात वर्षांची मोठी मुलगी, जिला हाच ताप येऊन आदल्या दिवशी उतरला होता, सकाळी उठल्यावर पाय टेकेना. पोटऱ्या दुखतात म्हणून रडू लागली. त्यातच कोणीतरी अमेरिकेत फ्लूमुळे मुलांच्या मेंदूला इजा झाल्याची बातमी पाठवली. आता आपण विचारता की विषाणू दोघांच्याही मेंदूत शिरला आहे का, एमआरआय आणि ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) करून घ्यावे का, आणि नातेवाईक म्हणतात तसे आकडीचे औषध रोज सुरू करावे का.

या तिन्ही प्रश्नांच्या मागे एक चौथा प्रश्न आहे आणि माझ्या मते तोच खरा आहे. श्वसनमार्गाच्या संसर्गात मज्जासंस्थेची जी लक्षणे दिसतात त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात, थोडी जीवघेणी असतात, आणि दोन्हींची सुरुवात रात्री, घरी, एकसारखीच दिसू शकते. मग त्यांत फरक कसा करायचा? मी आपल्या मुलांना तपासलेले नाही, त्यामुळे पुढील मजकूर तेवढ्याच मर्यादेत वाचावा. मुलांचे लसीकरण कितपत पूर्ण आहे, आकडीच्या आधी कोणी अँटिबायोटिक सुरू केले होते का, घराण्यात कोणाला फेफरे आहे का, मुलाची बोलण्या-चालण्यातील वाढ वयाप्रमाणे होत होती का, यांवर उत्तर बदलते. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी वीस-बावीस वर्षे बालरुग्ण पाहिल्यावर माझ्या हाताशी दोन साधने उरली आहेत. एक म्हणजे दिनदर्शिका, अर्थात संसर्गाच्या कितव्या दिवशी काय झाले; आणि दुसरे म्हणजे मुलाचे भान.

सुरुवातीलाच एक समजूत दूर करणे आवश्यक आहे. 'ताप डोक्यात गेला' असे आपण म्हणतो, पण फ्लूचा विषाणू मेंदूत प्रत्यक्ष शिरून तेथे वाढतो असे क्वचितच घडते. अगदी गंभीर रुग्णांमध्येही पाठीतील पाण्यात तो बहुधा सापडत नाही. मेंदूला त्रास होतो तो इतर मार्गांनी: अपरिपक्व मेंदूला चढत्या तापाचा धक्का बसतो, किंवा शरीराची प्रतिकारयंत्रणा विषाणूशी लढताना प्रमाणाबाहेर पेटते, किंवा प्राणवायू, साखर आणि सोडियम यांचा तोल बिघडतो. जिवाणूंची गोष्ट वेगळी आहे. ते खरोखर मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचतात, आणि म्हणूनच डॉक्टरांचा पहिला विचार त्यांचा असतो.

आता मुलाविषयी. आपल्या वर्णनावरून ही साधी तापातील आकडी वाटते. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरांपैकी दोन ते पाच मुलांना ती केव्हा ना केव्हा येते आणि बहुतेक वेळा तापाच्या पहिल्या चोवीस तासांतच येते. कित्येक घरांत तर मुलाला ताप आहे हे आकडी आल्यावरच कळते. 'साधी' म्हणण्यासाठी तीन अटी आहेत. आकडी संपूर्ण शरीराची असावी, एकाच बाजूची नसावी. पंधरा मिनिटांच्या आत थांबावी. आणि चोवीस तासांत पुन्हा येऊ नये. यांपैकी एक अट मोडली तरी तिला आम्ही गुंतागुंतीची आकडी म्हणतो आणि तपास वाढवतो. फ्लू, आरएसव्ही, अडिनोव्हायरस, करोना यांपैकी कोणताही विषाणू तिचे निमित्त होऊ शकतो, आणि बाळांच्या गुलाबपुरळाचा विषाणू तर विशेषच. आकडी विषाणूच्या नावावर फारशी अवलंबून नसते. ती वयावर, तापावर आणि घराण्यावर असते. मी नेहमी आजीला विचारतो की बाळाच्या बाबांना किंवा आत्याला लहानपणी असे झाले होते का, आणि पुष्कळदा आजी क्षणभर थांबून 'हो, झालं होतं, पण आम्ही कुणाला सांगितलं नाही' असे म्हणते.

अशा आकडीनंतर मूल पूर्ववत झाले असेल तर एमआरआय आणि ईईजी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०११ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत साध्या आकडीसाठी या दोन्ही तपासण्या नेहमीच्या म्हणून करू नयेत असेच सांगितले आहे. ईईजीमध्ये काही वेगळे दिसले तरी त्यावरून पुढे फेफरे होईल की नाही हे ठरत नाही, आणि दिसले नाही म्हणून पुढची आकडी टळत नाही. मग त्या कागदाने केवळ काळजी वाढते. एमआरआयसाठी अडीच वर्षांच्या मुलाला झोपेचे औषध द्यावे लागते, हेही विसरू नये. त्यापेक्षा हिमोग्लोबिन आणि लोहाचे प्रमाण पाहणे मला अधिक उपयोगी वाटते, कारण लोहाची कमतरता असलेल्या मुलांत तापातील आकडी अधिक आढळते आणि आपल्याकडे दिवसभर बाटलीने दूध पिणाऱ्या मुलांत ती कमतरता सर्रास असते.

पाठीतील पाणी तपासण्याविषयी मात्र थोडे थांबून सांगतो, कारण पालक याच तपासणीला सर्वांत जास्त घाबरतात आणि 'पाठीत सुई टोचली की पाय जातात' हा समज अजून गेलेला नाही. सुई कमरेच्या खालच्या भागात, जेथे मज्जारज्जू संपलेला असतो, तेथे टोचली जाते. मूल एक वर्षापेक्षा लहान असेल, न्यूमोकोकस आणि हिब या मेंदूज्वर करणाऱ्या जिवाणूंच्या लसी राहिल्या असतील, किंवा आधीच दोन-तीन दिवस अँटिबायोटिक पोटात गेले असेल, तर मेंदूज्वर झाकला जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरांनी ही तपासणी सुचवली तर कृपया संमती द्या. हिबची लस पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीतून मिळते आणि न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. या लसींनंतर जिवाणूजन्य मेंदूज्वर माझ्या पाहण्यातही कमी झाला, पण नाहीसा झालेला नाही.

रोजचे औषध नको. तीन मुलांपैकी साधारण एकाला पुढच्या एखाद्या तापात पुन्हा आकडी येते. पहिली आकडी एक वर्षाच्या आत आली असेल तर ही शक्यता निम्म्यापर्यंत जाते. परंतु साध्या आकडीमुळे बुद्धीवर परिणाम होत नाही, आणि पुढे फेफऱ्याचा आजार होण्याची शक्यता शंभरात एक-दोन एवढीच, म्हणजे इतर मुलांहून किंचित जास्त असते. एवढ्यासाठी दोन वर्षे रोज यकृतावर, वागणुकीवर किंवा एकाग्रतेवर परिणाम करू शकणारे औषध देणे हा सौदा तोट्याचा आहे. ताप आला की दोन-तीन दिवस क्लोबाझाम हे आकडी रोखणारे औषध देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. वारंवार किंवा लांबलेल्या आकड्या येणाऱ्या मुलांत, किंवा रुग्णालय तासाभराच्या अंतरावर असेल तर, मीही ती वापरतो. तिचा एक तोटा पुढे सांगणार आहे.

तापाचे औषध वेळेवर दिले असते तर आकडी टळली असती, असे आपण स्वतःला बोल लावून लिहिले आहे. तसे नाही. पॅरासिटामॉल देऊन आकडी टळत नाही हे अभ्यासांतून पुरेसे स्पष्ट झाले आहे; ते मुलाला बरे वाटावे म्हणून द्यायचे असते. मात्रा प्रत्येक वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम धरावी. आपला मुलगा १२ किलोचा असेल तर १८० मिलिग्रॅम, म्हणजे '२५० प्रति ५ मिली' लिहिलेल्या बाटलीतून ३.६ मिली, आणि '१२५'च्या बाटलीतून त्याच्या दुप्पट. घरात दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी असतात आणि गफलत तेथेच होते. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. फ्लू किंवा कांजिण्यांत ॲस्पिरिन घेतलेल्या मुलांत यकृत आणि मेंदू एकदम बिघडवणारा राय सिंड्रोम १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातून नोंदला गेला. अमेरिकेत १९८० च्या सुमारास एका वर्षात ५५५ रुग्ण झाले होते आणि १९८२ च्या सरकारी इशाऱ्यानंतर तो आजार जवळजवळ लोपला. याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे मेफेनामिक ॲसिड हे ताप आणि दुखणे उतरवणारे औषध. जपानमध्ये फ्लूच्या मेंदूविकारात डायक्लोफिनॅक आणि मेफेनामिक ॲसिड घेतलेल्या मुलांची अवस्था अधिक वाईट झाल्याचे आढळल्यावर फ्लू झालेल्या मुलांत ही औषधे तेथे टाळली जातात. आपल्याकडे मात्र 'ताप उतरतच नाही' म्हटले की औषधाच्या दुकानातून तीच बाटली हातात पडते. पावसाळ्यात फ्लू आणि डेंगी एकत्र फिरतात, आणि डेंगीतही या गटातील औषधे नको असतात. म्हणून मी ते औषध लिहीतच नाही.

पुन्हा आकडी आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडातील लाळ बाहेर वाहू द्या आणि घड्याळ पाहा. तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात मारायचा, आकडी थांबवणारा मिडाझोलामचा फवारा द्यावा आणि १०८ ला फोन करावा. या फवाऱ्याचे किती पफ द्यायचे ते वजनावरून ठरते, म्हणून डॉक्टरांकडून ते आजच कागदावर लिहून घ्या. रात्री दोन वाजता कोणाला गणित सुचत नाही. शक्य असल्यास घरातील दुसऱ्या व्यक्तीने मोबाइलवर चित्रण करावे. मला त्या तीस सेकंदांतून जे कळते ते अर्ध्या तासाच्या वर्णनातून कळत नाही.

आता आपल्याला आलेल्या बातमीकडे वळतो. ती खोटी नाही. फ्लूमुळे होणाऱ्या तीव्र मेंदूविकाराचा सर्वांत बारकाईने अभ्यास जपानमध्ये झाला आहे. १९९८-९९ च्या एका हंगामात तेथे १४८ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश दगावले. बहुतेक मुले पाच वर्षांखालील होती. त्यातील सर्वांत भीषण प्रकारात मेंदूच्या मध्यभागी असलेल्या दोन्ही थॅलॅमसमध्ये एकसारखी सूज आणि पेशीनाश दिसतो. अमेरिकेतून २०२५ मध्ये या प्रकाराच्या ४१ मुलांची माहिती प्रसिद्ध झाली. ती २०२३ ते २०२५ या दोन फ्लू-हंगामांतील होती, बहुतेक मुले आधी धडधाकट होती, ११ मुले दगावली, आणि ज्यांच्या लसीची नोंद उपलब्ध होती त्या ३८ पैकी केवळ सहा जणांनी त्या हंगामाची फ्लूची लस घेतली होती. एवढ्या मोठ्या देशातील दोन हंगामांचे हे आकडे आहेत, म्हणजे आजार अतिशय दुर्मीळ आहे. पण ज्या घरात होतो तेथे त्या दुर्मीळपणाचा काही उपयोग नसतो.

हे घडते ते प्रतिकारयंत्रणेने सोडलेल्या रसायनांच्या उद्रेकामुळे. रक्त आणि मेंदू यांमधील पडदा गळू लागतो, मेंदूला सूज येते. काही घराण्यांत आरएएनबीपी२ नावाच्या जनुकातील दोषामुळे हे पुन्हा पुन्हा होते, हे २००९ मध्ये समजले. म्हणून अशा मुलाच्या भावंडांविषयीही आम्ही विचारतो. उपचारांत स्टिरॉइडचे मोठे डोस शक्य तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत सुरू करणे महत्त्वाचे मानले जाते. त्यासोबत ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरील औषध, अतिदक्षता विभागातील देखरेख, आणि प्रसंगी प्रतिकारयंत्रणेचा उद्रेक शमवणारे इम्युनोग्लोब्युलिन किंवा टोसिलिझुमॅब. सर्व काही वेळेवर अवलंबून आहे, आणि वेळ दवडण्याचे सर्वांत सोपे निमित्त म्हणजे 'आकडीनंतर गुंगी असतेच'.

ही चूक मी स्वतः केली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत, मी नोकरी करत असलेल्या एका रुग्णालयात चार वर्षांचा मुलगा तापात आकडी येऊन दाखल झाला. आकडी थांबवण्यासाठी औषध दिले होते, त्यामुळे तो झोपून राहिला तेव्हा मी ते औषधाच्या खाती टाकले. सकाळच्या फेरीत त्याची आई म्हणाली, "डॉक्टर, तो डोळे उघडतो, पण माझ्याकडे बघत नाही." मी नाडी पाहिली, ताप पाहिला, मान ताठ नाही हे पाहिले आणि पुढच्या खाटेकडे गेलो. दुपारी त्याला दुसरी आकडी आली आणि मग एमआरआय झाला. मुलगा वाचला, पण उजवा हात आणि बोलणे पूर्ण परत आले नाही. त्या पाच-सहा तासांनी किती फरक पडला असता हे मला सांगता येत नाही. तेव्हापासून मी आईचे ते एक वाक्य रक्ताच्या रिपोर्टाहून वरचे मानतो. क्लोबाझामचा तोटा म्हणालो तो हाच: औषधाने मूल पेंगते, आणि ती पेंग औषधाची की आजाराची हे ओळखणे अवघड होते.

आता आकडी येऊन गेलेल्या प्रत्येक मुलाच्या खाटेजवळ मी एक अगदी साधी गोष्ट करतो. खिशातून बिस्किटाचा छोटा पुडा काढतो, कागदाचा आवाज करतो आणि बिस्किट मुलाच्या नजरेच्या थोडे बाजूला धरतो. मूल आवाजाकडे वळले, बिस्किटाकडे हात नेला, किंवा मला पाहून रागाने आईच्या कुशीत तोंड लपवले, तरी माझे समाधान होते. रडणे आणि ढकलून देणे हीसुद्धा शाबूत मेंदूची कामे आहेत. मूल पुड्याच्या पलीकडे, भिंतीकडे पाहत राहिले तर मी दर तासाला परत येतो. साध्या आकडीनंतर मूल बहुधा अर्ध्या-एक तासात स्वतःसारखे होते. ताप १०३ वरून १०० वर आला आहे आणि तरीही मूल ओळख देत नाही, भलतेच बोलते, नसलेल्या वस्तू पकडू पाहते, विनाकारण किंचाळते, तर आकडी आली असो वा नसो, थांबू नये.

येथे एक अपवाद नोंदवतो. मोठी मुले फ्लूच्या चढत्या तापात रात्री दचकून उठतात, काही मिनिटे बरळतात आणि पुन्हा झोपतात. ताप उतरला की ती व्यवस्थित असतात. याचे खापर ऑसेल्टामिविरवर फोडले जाते. जपानने २००७ मध्ये याच शंकेवरून दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांत ते औषध टाळण्यास सांगितले होते. पण औषध न घेतलेल्यांतही असेच वागणे दिसते हे पुढे स्पष्ट झाल्यावर २०१८ मध्ये ते बंधन उठवले गेले. म्हणून केवळ या भीतीने औषध मध्येच सोडू नये. मात्र बरळण्याचा अवधी मोजावा, आणि ते ताप नसतानाही चालू राहिले तर मुलाला दाखवावे.

दिनदर्शिकेकडे परत येतो. पहिला दिवस बहुधा साध्या आकडीचा. फ्लूचा मेंदूविकार बहुधा पहिल्या ते तिसऱ्या दिवसांत दिसतो, म्हणजे दोन्ही एकमेकांवर सरकतात. म्हणूनच केवळ तारखेवरून निकाल देता येत नाही, भानही पाहावे लागते. आणखी एक फसवा प्रकार आहे, जो जपानी डॉक्टरांनी वेगळा ओळखून दिला. त्यात पहिल्या दिवशी बरीच लांबलेली आकडी येते, मूल सावरल्यासारखे वाटते, एमआरआयही स्वच्छ असतो, आणि चौथ्या ते सहाव्या दिवशी आकड्यांची दुसरी लाट येते. पहिली आकडी अर्ध्या तासाच्या आसपास चाललेल्या मुलाला म्हणून मी आठवडाभर नजरेआड होऊ देत नाही. आपल्या मुलाची दोन मिनिटांत थांबली, त्यामुळे ही चिंता त्याला फारशी लागू नाही. उलट काही एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या सेतूच्या मागच्या टोकाला ठळक डाग दिसतो, रिपोर्ट वाचून घर हादरते, आणि मूल चार-आठ दिवसांत पूर्ण बरे होऊन डागही नाहीसा होतो. चित्रापेक्षा मूल महत्त्वाचे, हे मी निवासी डॉक्टरांना सांगतो ते यासाठीच.

मुलीची गोष्ट ताप उतरल्यानंतरची आहे, आणि ती बहुधा मेंदूची नाहीच. ती स्नायूंची आहे. शाळेच्या वयाच्या मुलांत, इन्फ्लुएंझा 'बी'मध्ये अधिक पण 'ए'मध्येही, ताप ओसरत असताना दोन्ही पोटऱ्यांच्या स्नायूंना दाह होतो. मूल चवड्यांवर चालते किंवा पाय फाकवून, गुडघे न वाकवता चालते. पोटरी दाबली की कळवळते. पण गादीवर बसवून पाय वर उचलायला सांगितले तर उचलते, आणि गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय नीट उडतो. रक्तातील सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारे द्रव्य, जे साधारण दोनशेच्या आत असते, काही हजारांत जाते आणि आठवड्याभरात खाली येते. विश्रांती, पुरेसे पाणी आणि पॅरासिटामॉल एवढे पुरते. बहुतेक मुले तीन-चार दिवसांत पळू लागतात. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडांवर बसू शकते.

ज्याच्याशी याची गल्लत होऊ नये तो आजार म्हणजे गुलियन-बॅरे सिंड्रोम. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात त्याचे दोनशेहून अधिक रुग्ण झाल्यापासून प्रत्येक पाय दुखणाऱ्या मुलाचे पालक त्याच भीतीने येतात. ती साथ दूषित पाणी आणि कॅम्पिलोबॅक्टर या पोटातील जिवाणूशी जोडली गेली होती, पण मायकोप्लाझ्मासारख्या छातीच्या संसर्गानंतरही हा आजार होतो. त्यात दुखण्यापेक्षा ताकद जाणे मुख्य असते: संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी पायांत सुरू झालेला अशक्तपणा वर चढतो, जिना चढता येत नाही, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, आणि हातोडी मारूनही पाय उडत नाही. आवाज बसणे, गिळताना ठसका लागणे किंवा दम लागणे हे अतिदक्षता विभागात हलवण्याचे संकेत आहेत. एकच हात किंवा एकच पाय अचानक लुळा पडला तर मज्जारज्जूचा दाह मनात येतो. अमेरिकेत सर्दीसारखा आजार देणाऱ्या एंटेरोव्हायरस डी-६८ नंतर असे रुग्ण २०१४ मध्ये १२०, २०१६ मध्ये १५३ आणि २०१८ मध्ये २३८ असे दर दोन वर्षांनी वाढत गेले. आपल्याकडे पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला असा लुळेपणा आला की डॉक्टरांना सरकारला कळवावे लागते आणि चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने पाठवावे लागतात. ही पोलिओवरील पाळत आहे. आरोग्य खात्याचे लोक घरी आले म्हणजे मुलाला पोलिओ झाला, असा अर्थ कृपया काढू नये.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणखी दोन गोष्टी घडू शकतात. मूल दारू प्यायल्यासारखे झोकांड्या देत चालते, पण शुद्धीवर आणि आनंदी असते. हा छोट्या मेंदूचा दाह बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. किंवा पुन्हा ताप, डोकेदुखी, उलट्या, गुंगी, एका बाजूची कमजोरी, कमी दिसणे असे सर्व एकत्र येते. तेथे एमआरआय लगेच हवा, आणि स्टिरॉइडला प्रतिसाद बहुधा चांगला मिळतो. दोन महिन्यांच्या आतील बाळांचे गणितच निराळे आहे. त्यांना आरएसव्ही किंवा डांग्या खोकला झाला तर आकडीपेक्षा श्वास मध्येच थांबण्याचा धोका मोठा असतो, म्हणून निळसर पडणाऱ्या तान्ह्या बाळाला घरी ठेवून पाहू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलाची सर्दी आठवडाभर जुनी असेल, आणि कपाळावर सूज, एका डोळ्याभोवती फुगवटा व असह्य डोकेदुखी असेल, तर सायनसमधील पू मेंदूच्या दिशेने गेला आहे का ते त्याच दिवशी पाहावे लागते.

आणि एक गोष्ट, जी परदेशी लेखांत शेवटच्या ओळीत असते पण आपल्याकडे वर असायला हवी. फुप्फुसातून मेंदूत जाणारा आपला जुना संसर्ग क्षयाचा आहे. तो दोन दिवसांत गाठत नाही. दोन-तीन आठवडे बारीक ताप, खेळण्यात मन नसणे, वजन घटणे, सकाळच्या उलट्या, मग हळूहळू पेंग आणि तिरळेपणा असा तो येतो. घरात कोणाला दीर्घ खोकला असेल तर ते डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. बीसीजी टोचलेली असली तरी ही शक्यता कमी होते, संपत नाही.

आपल्या दोन मुलांपुरते सांगायचे तर मुलाला आज घरी ठेवण्यास हरकत दिसत नाही, फक्त तो आपल्याकडे पाहून हसतो-रडतो आहे ना हे पाहत राहा. मुलीला एकदा बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन पायांची ताकद आणि हातोडीची तपासणी करून घ्या. फोनवर हे ठरत नाही. दोघे पूर्ण बरे झाल्यावर फ्लूची लस द्यावी. ती सरकारी कार्यक्रमात नाही, विकत घ्यावी लागते. आधी कधीच घेतली नसेल तर नऊ वर्षांखालील मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे आपल्या दोघांनाही. त्यानंतर दरवर्षी एक. आपल्याकडे मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून मी एप्रिल-मेमध्ये देतो. तापात आकडी येऊन गेली हे लस टाळण्याचे कारण नाही. डोसाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ताप आला तर पॅरासिटामॉल वरील हिशेबाने द्या, आणि मिडाझोलामचा फवारा घरात कोठे ठेवला आहे हे आजी-आजोबांनाही दाखवून ठेवा.